पहिला डाव भुताचा: सुरुवातीचं नशीब आणि कालचा निकाल आपल्याला पैशांच्या बाबतीत कसं फसवतात

लहानपणी पत्ते मांडले आणि कोणी नवीन भिडू आला की सगळे ओरडायचे, पहिला डाव भुताचा! म्हणजे तो डाव धरायचा नाही, जिंकलास तरी नाही आणि हरलास तरी नाही, आधी हात बसू दे. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना एवढं कळत होतं की पहिल्या डावावरून कोणाला किती येतं ते ठरवायचं नसतं. तीच पोरं मोठी होऊन मोबाईलवर ट्रेडिंग ॲप उघडतात तेव्हा मात्र पहिलाच डाव मनात धरून बसतात, पुढची कित्येक वर्षं. मला हे जवळून बघायला मिळालं आणि खूप वाईट वाटलं, म्हणून यामागे डोक्यात नेमकं काय चालतं ते जमेल तसं वाचत गेलो, ते आज सोप्या भाषेत सांगतो.

माझ्या मावसभावाचं सांगतो, त्याला विचारूनच लिहितोय, नाव देत नाही. चाकणच्या एका कारखान्यात कामाला. २०२१ ची गोष्ट, दुसरी शिफ्ट होती, गुरुवारची दुपार, निघायच्या आधी जेवायला बसलेला, ताटात वरणभात आणि ताटाच्या शेजारी मोबाईल. तेव्हा बँक निफ्टीची, म्हणजे मोठ्या बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाची, एक्स्पायरी (सौद्यांची मुदत संपायचा दिवस) दर गुरुवारी असायची. त्याने ६० रुपये प्रीमियमचा एक कॉल घेतला, म्हणजे सोप्या शब्दात, बँक निफ्टी आज वर जाईल अशी पैज लावली, आणि प्रीमियम म्हणजे त्या पैजेची किंमत. तेव्हा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा गठ्ठा, २५ चा होता, म्हणजे १५०० रुपये गेले. भात संपेपर्यंत प्रीमियम २१० झाला. त्याने विकला, ५२५० आले, ३७५० रुपये सुटले. कारखान्यात तीन-चार दिवस उभं राहून जेवढं मिळायचं तेवढं एका जेवणात. मावशीला त्याने येताना पेढे आणले होते, हे मला मावशीनेच सांगितलं.

आता विचार करा, त्या दिवशी तो काय शिकला? मार्केटबद्दल काही शिकला का? नाही. एक प्रीमियम अर्ध्या तासात साठचा दोनशे दहा झाला, एवढंच घडलं होतं, आणि त्या वेळी त्याच प्रीमियमची उलटी बाजू घेतलेल्या कोणाचे तरी पैसे गेलेच होते. पण तो स्वतःबद्दल एक गोष्ट शिकला, ती म्हणजे "मला हे जमतं". माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. निकाल लागतो बाहेर, पण त्यातून आपण धडा घेतो तो स्वतःबद्दल.

यावर एक जुना प्रयोग आहे, १९७५ चा, एलन लँगर आणि जेन रॉथ या दोघींनी येल विद्यापीठातल्या मुलांवर केलेला. नाणं उडवायचं, छापा की काटा ते आधी सांगायचं, असं ३० वेळा. तुझं बरोबर आलं की चुकलं हे प्रयोग करणारे सांगणार, आणि ते आधीच ठरवून ठेवलेलं, प्रत्येकाला एकूण १५ बरोबर आणि १५ चूक असंच येणार. फरक फक्त क्रमाचा. काही जणांना सुरुवातीलाच बरेच बरोबर आणि मग चुकत गेले, काहींना सुरुवातीला चुका आणि मग बरोबर, काहींना मिसळून. बेरीज सगळ्यांची सारखीच. शेवटी विचारलं, तुम्हाला हे किती चांगलं जमतं, किती बरोबर आले, आणि अजून १०० वेळा उडवलं तर किती बरोबर सांगाल? ज्यांना सुरुवातीला बरोबर आले होते ते स्वतःला बाकीच्यांपेक्षा जास्त हुशार समजत होते, आपले जितके बरोबर आले त्यापेक्षा जास्त आले असं त्यांना आठवत होतं आणि पुढेही जास्त येतील असं वाटत होतं. नाणं उडवण्यात! ज्यात कौशल्य असं काही नसतंच हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, आणि ही तर येलची मुलं.

कारण असं की पहिले चार-पाच निकाल लागले की आपण मत बनवून टाकतो, आणि एकदा मत बनलं की पुढचं सगळं त्या मताच्या सोयीने वाचतो. बरोबर आलं तर मला जमतं म्हणून आलं, चुकलं तर आज लक्ष नव्हतं, बातमी मध्येच आली, नेट स्लो होतं. सुरुवातीला हरलेला माणूस हेच उलट करतो, त्याला नंतरचं यश नशिबाने आल्यासारखं वाटतं.

कोणी म्हणेल नाण्याचं सोडा, ती प्रयोगशाळा, तिथे खिशातले पैसे जात नाहीत. मग आपल्याकडचंच उदाहरण घ्या, आयपीओचं, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्याचं. चांगल्या आयपीओला रिटेलमध्ये इतके अर्ज येतात की शेअर पुरत नाहीत आणि कॉम्प्युटर सोडत काढतो. घरात चार पॅनकार्डांवर चार अर्ज टाकायचे आणि अलॉटमेंटच्या दिवशी एकाला लागतो, तिघांचे पैसे सुटतात. यात कोणाची हुशारी नाही. तरीही कित्येक घरांत "वहिनीच्या नावावर हमखास लागतो" असं बोललं जातंच. तर संतोष अनागोल, विमल बालसुब्रमण्यम आणि तरुण रामादोराई या तीन अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या याच सोडतीचा अभ्यास केला. अर्ज दोघांनी केला, लॉटरीत एकाला लागला एकाला नाही, म्हणजे दोघांत फरक फक्त नशिबाचा. संशोधकाला यापेक्षा स्वच्छ तुलना मिळणार नाही. आणि दिसलं काय, की ज्यांना लागला आणि ज्यात फायदा झाला, ते पुढच्या आयपीओंना जास्त अर्ज करायला लागले आणि बाकीच्या शेअर्समध्येही त्यांची खरेदी-विक्री वाढली. ज्यांना लागला पण लिस्टिंगनंतर तोटा झाला, त्यांचं उलट. सोडत कॉम्प्युटरने काढली होती, धडा माणसांनी घेतला.

आता थोडं गणित, अगदी थोडं. नाण्यासारखी निम्मी-निम्मी शक्यता धरली तर लागोपाठ पाच वेळा जिंकायची शक्यता ३२ मध्ये १. वाटतं किती कमी! पण हजार माणसं एकदम खेळायला बसली तर त्यातली साधारण ३१ जणं पहिले पाचही डाव जिंकणारच, काही न येता. एक कोटी बसली तर तीन लाखांच्या वर. ही तीन लाख माणसं खोटं बोलत नसतात, त्यांच्या मोबाईलवर खरोखर पाच हिरवे आकडे असतात, आणि स्क्रीनशॉट त्यांचेच फिरतात. ज्याचे पहिले दोन डाव गेले तो गप्प ॲप काढून टाकतो, त्याचं कोणाला कळतही नाही. म्हणजे पहिल्या यशाने आपण फसतो ते वेगळं, वर आजूबाजूला बोलणारेही बहुतेक पहिल्या यशाचेच राहिलेले असतात.

शिवाय कधीकधी अख्ख्या पिढीचाच पहिला डाव चांगला लागतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३९०० पॉईंटच्या वर पडला आणि २६ हजारांच्याही खाली बंद झाला. त्यानंतर लॉकडाऊनमध्ये घरी बसून लाखो लोकांनी डिमॅट उघडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजार बघितले, सप्टेंबर २०२१ मध्ये ६० हजार. त्या दीड वर्षात जवळपास काहीही घेतलं तरी वर जात होतं. या लोकांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही, रात्र-रात्र जागून चार्ट शिकलेली पोरं मला माहीत आहेत. पण पाण्याला भरती असताना पोहायला शिकलं की आपण किती जोरात हात मारतो आणि पाणी किती ढकलतं हे कळायला मार्गच नसतो.

हे झालं सुरुवातीच्या नशिबाचं. ते ठरवतं की आपण स्वतःला काय समजतो. कालचा, आत्ताचा निकाल वेगळं काम करतो, तो ठरवतो की आज किती लावायचे.

रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये यावर एक पेपर लिहिला. लोकांना विचारलं, समजा तुम्ही आत्ताच ३० डॉलर जिंकलात, आता एक पैज आहे, निम्मी शक्यता ९ डॉलर मिळायची आणि निम्मी ९ जायची, खेळणार का? १०० पैकी ७० जण हो म्हणाले. मग तोच प्रश्न, पण समजा आत्ताच ३० डॉलर हरलात. आता ४० च हो म्हणाले. पैज तीच, ९ डॉलर तेच, फक्त आधी काय झालं ते बदललं. जिंकलेले पैसे आपल्याला आपले वाटतच नाहीत, ते वरकड वाटतात, गेले तर गेले, आपल्या खिशातून कुठे गेले. माझा भाऊ पहिल्या महिन्यानंतर हेच म्हणायचा, "मी मार्केटच्याच पैशांनी खेळतोय." म्हणून एका लॉटचे चार झाले आणि चाराचे दहा. पण खात्यात जमा झालेला रुपया हा पगाराचा असो की ट्रेडचा, त्याने किराणा तेवढाच येतो.

आणि त्याच पेपरमधली तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ३० डॉलर हरलेल्या माणसाला विचारलं, गुपचूप १० घेतोस, की तीनात एक शक्यता आहे ३० मिळायची आणि नाहीतर काहीच नाही? सरासरी दोन्हीकडे सारखीच. तर ६० टक्के लोकांनी जुगार निवडला. मघाशी हरल्यावर घाबरून ९ डॉलरची पैज नको म्हणणारा माणूस इथे तयार होतो, कारण इथे झालेला सगळा तोटा एका झटक्यात भरून निघायची शक्यता दिसते. म्हणजे हरलेला माणूस जोखमीला घाबरतो हे खरं, पण बरोबरीत यायची एक फट दिसली की भीती जाते. अमेरिकेतल्या रेसकोर्सवरच्या जुन्या अभ्यासांतही हे दिसलंय, दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत कमी शक्यतेच्या घोड्यांवर लोक जास्त पैसे लावतात, कारण दिवसभरात बहुतेक सगळे तोट्यात असतात आणि घरी बरोबरीत जायचं असतं.

एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी अडीच-पावणेतीनला जे चालतं ते हेच. त्याला नावच आहे, हिरो-झिरो ट्रेड. चार-पाच रुपयांना मिळणारा लांबचा ऑप्शन, म्हणजे बाजार खूप हलला तरच लागणारी पैज, घ्यायचा, लागला तर दिवसाचा तोटा निघाला, नाहीतर साडेतीनला झिरो. बहुतेक वेळा झिरोच होतो, कारण शेवटच्या तासात प्रीमियममधला वेळेचा भाग उन्हात बर्फ वितळावा तसा जातो. मी एकदा भावाच्या शेजारी बसून हे पाहिलंय. सकाळपासून १८ हजार मायनस होता, पावणेतीनला त्याने खात्यात राहिलेले सगळे, २२ हजार, एकाच पुटमध्ये, म्हणजे बाजार खाली जाईल या पैजेत, टाकले. मी विचारलं खाली जाईल असं का वाटतं, तर तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "जायला पाहिजे रे." त्या वाक्यात मार्केटबद्दल काहीच नव्हतं, त्याच्या १८ हजारांबद्दल होतं.

मागच्या निकालांकडे बघून पुढचं वाचायची सवय काही नवीन नाही म्हणा. मुंबईत मटका जोरात होता तेव्हा लोक मागच्या आकड्यांचे चार्ट घेऊन बसायचे, आणि एकाच चार्टवरून दोन माणसं दोन उलट गोष्टी काढायची. एक म्हणणार हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच. दुसरा म्हणणार तो आकडा सध्या चालतोय, त्याच्यावरच लावा. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर लागोपाठ २६ वेळा काळा आला, आणि आता तरी लाल येईल म्हणून लोक दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला आठवण नसते. आपल्याला असते, म्हणून आपल्याला वाटतं चाकालाही असणार.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ज्याची सुरुवातच वाईट झाली त्याचं काय? आपल्याकडे म्हण आहेच, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. माझ्या वडिलांनी यूटीआयच्या युनिट चौसष्ट या म्युच्युअल फंडात पैसे ठेवले होते, त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनीच ठेवले होते, सरकारी म्हणून. जुलै २००१ मध्ये ती परत विकता येणंच थांबवलं गेलं आणि पुढे बरीच वर्षं आमच्या घरात म्युच्युअल फंड हा शब्द काढायची सोय नव्हती, एफडी आणि पोस्ट, बस. उल्रिके मालमेंडियर आणि स्टेफान नागेल या दोघांनी अमेरिकेतल्या कुटुंबांचा अनेक दशकांचा डेटा घेऊन हेच दाखवलं की ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस जास्त पाहिले ते नंतरही शेअरमध्ये कमी पैसे घालतात, आणि अलीकडच्या वर्षांचा अनुभव जुन्यापेक्षा जास्त जोर धरतो.

आणि यात एक मोठी मेख आहे. सुरुवातीला जिंकलेला माणूस खेळत राहतो, म्हणून त्याची चूक कधी ना कधी उघडी पडते, फक्त तोपर्यंत रक्कम मोठी झालेली असते. सुरुवातीला पोळलेला माणूस परत जातच नाही, त्यामुळे त्याचं मत चूक असेल तर ते दुरुस्त व्हायची संधीच येत नाही. वडिलांना साधा इंडेक्स फंड वाईट की चांगला हे कधी कळलंच नाही, कारण त्यांनी पुन्हा दार उघडलंच नाही. एकाचं नुकसान स्टेटमेंटवर दिसतं, दुसऱ्याचं कुठेच दिसत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे बघा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला. इक्विटी एफ अँड ओमध्ये, म्हणजे भाऊ करायचा तसल्या सौद्यांत, एक कोटीहून जास्त सामान्य माणसं, त्यातली ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी साधारण २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च जाऊन एक लाखाच्या वर कमावणारे फक्त १ टक्का. तिशीच्या आतल्या ट्रेडर्सचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. पण मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा हा की तोट्यात गेलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक तरीही ट्रेड करतच राहिले. लोक यांना हावरट म्हणतात, मला ते पटत नाही. त्यातले कितीतरी जण माझ्या भावासारखे असणार, ज्यांना अजून कमवायचं नसतं, फक्त बरोबरीत येऊन बंद करायचं असतं. आणि गणित त्यांच्या विरुद्ध असतं, एक लाखाचे पन्नास हजार व्हायला ५० टक्के तोटा पुरतो, पण पन्नासाचे परत लाख करायला १०० टक्के नफा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने नियम कडक केले, कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाख केली, आठवड्याची एक्स्पायरी एका एक्स्चेंजला एकाच इंडेक्सपुरती ठेवली, बँक निफ्टीची वीकली बंद झाली. हे गरजेचंच होतं, पण आपल्या डोक्यातल्या हिशोबाला नियम लागू होत नाहीत.

मग करायचं काय, असं भावाने मला विचारलं होतं तेव्हा मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. ट्रेड घ्यायच्या आधी वहीत एक ओळ लिहायची, का घेतोय. "रिकव्हर करायचंय" हे कारण लिहायला लागलं की हात आपोआप थांबतो, कारण ते कारण मार्केटचं नसतं. किती लावायचे हे महिन्याच्या सुरुवातीला ठरवायचं, कालचा निकाल बघून नाही. आणि नफा झाला तरी विचारायचं की हाच ट्रेड शंभर वेळा घेतला असता तर किती वेळा पैसे आले असते, कारण चुकीच्या निर्णयालाही कधीकधी पैसे मिळतात आणि तेच सगळ्यात महाग पडतं. जे आधीच खोल गेलेत, ज्यांनी पर्सनल लोन काढलंय, घरी सांगितलेलं नाही, त्यांनी मात्र वह्या वगैरे सोडून आधी घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगावा. भावाने मावशीला सांगितलं तेव्हा ती रडली, मग उठून तिने त्याला चहा केला आणि दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेले हप्ते बांधून घ्यायला.

खातं बंद करायच्या आधी आम्ही दोघांनी बसून त्याचं सगळं स्टेटमेंट डाउनलोड केलं होतं, एकूण सव्वाचार लाखांचा तोटा. मी म्हटलं, सांग बघू, सगळ्यात पहिला ट्रेड कोणता? त्याने स्क्रीनकडे न बघता सांगितलं, साठचा घेतला दोनशे दहाला विकला, गुरुवार होता, वरणभात खात होतो. अगदी तंतोतंत. मग विचारलं, सगळ्यात मोठा तोटा कोणत्या दिवशी झाला? तो जरा थांबला, म्हणाला असेल साठ-सत्तर हजार, दिवाळीच्या आसपास. आम्ही खाली स्क्रोल करत गेलो. एक लाख बारा हजार होता, मार्च महिन्यातला.